बाजूला ठेवलेले दोन आकडे

आबांचा फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. अशा वेळी फोन वाजला की माझं डोकं फिरतं, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. आबांनाही ठाऊक आहे. सव्वीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, वेळेला पक्का. ते सकाळी नवाच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतरच फोन करतात. त्या गुरुवारी त्यांनी साडेदहाला केला.

"मंगल, कामात हाईस?"

"आबा, मी कामातच असते. बोला लवकर."

"काय न्हाई, सहज. तुज्या त्या जेलची आणिक एक बरणी मिळंल का? हाय ती सरत आली."

मला हसू आलं. "सरत आली म्हणजे? आई देवाला नैवेद्य दाखवते का काय त्याचा?"

"न्हाई गं. टाचंला लावतोय मी. आज एकोणीस दिस झालं. लय गार वाटतंय बग."

मी स्टुलावरून उठले ते आठवतंय. पुढं मी काय ओरडले ते आठवत नाही, पण पलीकडच्या टेबलावरची मुलगी हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत राहिली.

"आवाज चढवू नगंस," आबा म्हणाले. "समदी नोंद ठेवलीया, मापासकट. तुला येकदम दावायची व्हती. पर कालधरनं जरा थंडी वाजतीया, म्हणून म्हटलं इचारावं."

मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवसांत तासगावकडं बेदाण्याच्या शेडच्या पत्र्याला हात लावता येत नाही इतकं ऊन असतं, आणि माझ्या बापाला थंडी वाजत होती. मी ॲप्रन तसाच खुर्चीवर टाकला आणि गाडीची किल्ली घेऊन निघाले.

मी का घाबरले ते कळायला मी काय करते ते आधी सांगायला पाहिजे. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं जाळं. सब्जा भिजत घातला की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत फुगवटा धरतो ना, त्याच जातीचं. मी ते खेकड्याच्या कवचातून निघणाऱ्या पदार्थापासून बनवते. बऱ्या न होणाऱ्या जखमेत ते भरायचं, त्याला धरून कातडीच्या पेशी आत चढतात, नवी कातडी तयार होते आणि जाळं आपोआप विरून जातं. आबांना मी हे द्राक्षाच्या मांडवावरून समजावलं होतं. ते लगेच म्हणाले, "म्हंजी मुळाशी पानी धरायला घालतो ते जेल आन् वरचा मांडव, दोनी येकातच की!" मला हेच वाक्य विद्यार्थ्यांच्या डोक्यात शिरवायला तीन तास लागतात.

कोल्हापूरला एमएस्सी, पुण्याला पीएचडी, तीन वर्षं कोरियात, आणि मग साताऱ्यात एमआयडीसीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची प्रयोगशाळा. तिथं नऊ वर्षं झाली. भावकीतल्या बायका अजून विचारतात, तुझ्या क्रीमनं रंग उजळतो का. आधी मी समजावून सांगायची, आता हो म्हणते. नऊ वर्षांत जेलच्या आठ बॅचा नापास झाल्या. एक घट्टच होईना, एक दोन दिवसांत विरघळून गेली, एकीत पेशी जगेनात. नववी बॅच पास झाली. सांगलीच्या एका हॉस्पिटलात बारा मधुमेही रुग्णांच्या पायांवर ती वापरायची परवानगी मिळाली होती, आणि त्या सोमवारी पहिल्या रुग्णाला जेल लागणार होतं.

नववी बॅच पास झाली, हे मी सगळ्यांना सांगितलं. ती कशी पास झाली ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

जंतू मेले तरी त्यांच्या अंगावरचं एक विष मागं राहतं. जेल कितीही निर्जंतुक करा, उकळा, ते जात नाही. उघड्या जखमेत गेलं की सूज येते, ताप येतो, आणि साखरेच्या रोग्याच्या पायात एकदा सूज शिरली की बाकीच्या जंतूंना दारं उघडी होतात. म्हणून शेवटची तपासणी त्या विषाची असते. मर्यादा अर्ध्याची, म्हणजे ०.५. मी सहा नळ्या लावल्या होत्या. चार नळ्यांचे आकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली आले. पाचवीचा आला १.९ आणि सहावीचा २.२.

नियम साधा आहे. आकडे असे दोन गटांत फुटले की सगळी तपासणी पुन्हा करायची. पण तपासणीचं सामान यायला सहा आठवडे लागणार होते, आणि कागदपत्रं हॉस्पिटलच्या समितीकडं शुक्रवारी पोचायची होती. मी स्वतःशी म्हटलं, त्या दोन नळ्यांना नक्की कुणाचा तरी हात लागला असणार. लागलाही असेल. मला आजही माहीत नाही. रजिस्टरमध्ये मी चार आकडे लिहिले. उरलेले दोन कुरिअरच्या एका पाकिटाच्या पाठीवर लिहिले आणि ते पाकीट खणात टाकलं.

त्या दिवशी आबा तिथंच होते. साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनचं सामान घ्यायला आले की ते माझ्याकडं येऊन स्टुलावर बसतात आणि परेड बघितल्यासारखं माझं काम बघतात.

"ही दोन का न्हाई लिवली?" त्यांनी विचारलं.

मी आधीच चिडलेली होते. "आबा, जे आकडे बसत नाहीत ते बाजूला ठेवतात. सगळेच ठेवतात."

त्यांनी हुकूम मिळाल्यासारखी मान हलवली. मग मी त्यांना चहा दिला आणि माझं रडगाणं लावलं. परवानगी मिळेल, पण पहिला माणूस मिळत नाही. जो तो विचारतो, आधी कुणाला लावलंय? पहिलं व्हायला कुणीच तयार नाही. आबांनी बशीतला चहा संपवला.

जाताना त्यांनी एक बरणी मागितली. आमच्याकडं पहिल्या तोडीचा द्राक्षाचा घड घरात कुणी तोंडात टाकत नाही. तो देव्हाऱ्यात जोतिबापुढं जातो, मग व्यापारी, मग आपण. आईचा निरोप होता, पोरीचा माल पास झाला की पहिला मान देवाचा. मी नवव्या बॅचची सीलबंद बरणी दिली. तिच्यावर 'माणसावर वापरू नये' अशी चिठ्ठी होती, आणि आबांना वाचता येतं, म्हणून मी निर्धास्त होते.

हे सगळं माझ्या डोक्यात कराडपर्यंत फिरत राहिलं. कराडला हायवे सोडला, आणि ताकारीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, पुढं आणखी तशाच. मी हॉर्नवर हात ठेवून बसले. ट्रॅक्टरवाला मागं वळून ओरडला, "ओ ताई, उडून जाऊ का काय?" इतर वेळी मी खाली उतरून भांडले असते. त्या दिवशी मी काच वर केली आणि त्याच्या मागं मुकाट गाडी चालवत राहिले.

घर मळ्यातच आहे. आबा दारापुढच्या लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसले होते, अंगावर फौजेतली लोकरीची शाल, डावा पाय स्टुलावर. घरामागच्या शेडमध्ये बायका जाळीवरचा बेदाणा हलवत होत्या आणि त्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या.

"आलीस? आदी ही बग," आबा म्हणाले आणि त्यांनी एक वही माझ्या हातात दिली.

शंभरपानी वही होती. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, वेळ, माप, शेरा. रोज सकाळी आठ. पहिल्या दिवशी जखम ४.२ सेंटिमीटर. शेडच्या तारेचा तुकडा चपलेतून टाचेत शिरला होता, आणि चौदा वर्षांच्या साखरेनं तळपाय बधिर झालेल्या माणसाला तो दुसऱ्या दिवशी मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळला. मग ४.१. मग ३.९. ३.६. ३.३. आज सकाळी २.३.

सांगायची लाज वाटते, पण जे झालं ते सांगते. माझ्यातल्या शास्त्रज्ञाला आधी आनंद झाला, मुलगी नंतर आली. एकोणीस दिवसांत जखम निम्म्याच्या जवळ! माझ्या मनात लगेच आलेखाची रेघसुद्धा उमटली, वरून खाली येणारी, सुरेख. थंडीताप दुसरा कसलातरी असेल. मी खाली बसले आणि पट्टी सोडायला घेतली.

शेवटचा वेढा निघायच्या आधी वास आला. प्रयोगशाळेत खराब झालेली पेशींची बशी उघडली की जो वास येतो तोच, फक्त हा माझ्या बापाच्या पायाचा होता. टाचेचा खालचा भाग काळपट झाला होता. जेलचा थर दुधाळ झाला होता आणि त्याच्या कडेनं पू येत होता. घोट्यापासून वर पोटरीकडं एक लाल रेघ गेलेली. मी पर्समधली मोजपट्टी लावली. साडेसहा.

"आबा, तुम्ही आज किती मोजलं?"

"लिवलंय की."

"चष्मा लावून मोजलं का?"

ते शेडकडं बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा माणूस, वाकून स्वतःच्या टाचेचं माप घ्यायचं, चुकलं असणार. मी जास्त विचारलं नाही, कारण विचारायला वेळ नव्हता.

आई बरणी घेऊन बाहेर आली. साळूबाई माझी आई, बोलायला कमी आणि करायला पुढं. बरणीला हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. झाकण सैल होतं. आत तळाला थोडं जेल उरलं होतं आणि त्यात एक पिवळा ठिपका होता.

"देवाम्होरं ठेवल्याली," ती म्हणाली. "मीच रोज काडून देती. मंगल, आगं काय झालं? तुजं त्वांड का असं?"

"आये, आवर. सांगलीला जायचंय."

घाबरले की माझी भाषा गावाकडं पळते. कोरियातही एकदा गॅसची नळी फुटली तेव्हा मी मराठीत 'पळा रं' म्हणून ओरडले होते.

सांगलीला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डॉक्टर अनीश यांनीच शेवटी माझ्यासाठी बारा रुग्ण तयार केले होते आणि सोमवारपासून तेच त्यांना जेल लावणार होते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, शांत माणूस. त्यांनी आबांचा पाय बघितला, रक्त तपासायला पाठवलं, एक्स-रे काढला आणि मला आणि आईला बाजूला घेतलं.

"जखमेत काय घातलं होतं?"

"माझं जेल," मी म्हणाले. "नववी बॅच."

मग त्यांनी बरणी मागितली. तिच्यावरची बोटं बघितली, झाकण फिरवून बघितलं, आणि आईला विचारलं, बरणी कुठं असायची, कोण काढायचं, हात धुऊन का. आईनं सगळं सांगितलं. सकाळी पूजा झाली, कुंकू लावलं, की त्याच हातानं चमच्यात काढून द्यायची. देवाचं म्हणून वेगळे हात धुवायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

"मग झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागला. "मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची बॅच तपासलेली आहे, तिचे आकडे मी स्वतः बघितलेत. बरणी उघडी, वरून हळद-कुंकू, त्यात साखर तीनशेच्या वर. दोष जेलचा नाही. आत्ता आपण जखम उघडून धुतोय. हाडापर्यंत गेलं असेल तर मात्र पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. उद्या सकाळी ठरवू."

"आणि सोमवार?" मी विचारलं. बापाचा पाय जायची वेळ आली होती आणि मी सोमवार विचारत होते.

"सोमवारचं ठरल्याप्रमाणे. उलट आता आपण रुग्णांना नीट बजावू, की बरणी घरी न्यायची नाही."

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. चार शब्दांचं काम होतं, आकडे सहा आले होते. पण नऊ वर्षं माझ्या तोंडावर हात ठेवून उभी होती. मी मनात म्हटलं, खरंच हळदीनंच झालं असेल. मी गप्प बसले.

आई मात्र तिथून हलली आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या नळाशी गेली. थोड्या वेळानं मी बघायला गेले. ती कपड्याचा साबण घेऊन बोटं घासत होती. हळदीनं तिच्या नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या आहेत, मी लहान असल्यापासून. ती नखांखाली काडी घालून कोरत होती.

"निगंना बग," ती म्हणाली. "माज्या हातानं केलं मंगल मी. ह्या हातानं त्यांचा पाय घालवला."

"आये, असं नको म्हणू."

"डाक्टर खोटं बोलंल का?"

मी नळ बंद केला. मी तिला जवळ घेतलं, पदरानं तिचे हात पुसले. सगळं केलं, एक सोडून. मला त्या क्षणी स्वतःची जितकी भीती वाटली तितकी त्या लाल रेघेचीही वाटली नव्हती.

संध्याकाळी ताप एकशे तीनवर गेला. मी कॉटच्या पायथ्याशी बसून सलाइनचे थेंब मोजत होते आणि मनात सोमवारची बारा माणसं येत होती. त्यांची यादी मला पाठ होती. त्यात फलटणच्या साखर कारखान्यात वजनकाटा सांभाळणारे भाऊसो होते, वाईच्या घाटावर फुलं विकणाऱ्या उमाबाई होत्या. त्यांच्या घरी बरणी जाणार नव्हती, तिला कुणी हळद लावणार नव्हतं. तरीही त्यांची टाच काळी पडली तर डॉक्टर कुणाच्या आईला विचारणार होते?

सकाळी सातला आबा शुद्धीत होते, जरा ताजेही. नऊला त्यांना आत नेणार होते. हाडाला लागलं होतं. पायाबद्दल डॉक्टरांनी त्यांना स्वतः सांगितलं, आणि त्यांनी कागदावर सही केली, हुद्द्यासकट.

आई तोंड धुवायला गेली तेव्हा त्यांनी मला खूण केली.

"वही कुटं हाय?"

"पिशवीत आहे."

"डाक्टरला दावलीस?"

"अजून नाही."

"मंग दावू नगंस." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "त्यातलं आकडं खरं न्हाईत. पयलं माप खरं हाय. दुसऱ्या दिसापासनं वाढायलाच लागलं. तुजी फाइल बिगडंल म्हणून चांगलं आकडं लिवलं. खरं समदं मागल्या पानावर हाईत. बसत न्हाईत ते बाजूला ठेवायचं असतंय, तूच म्हणाली व्हतीस नव्हं?"

मी कॉटखालची पिशवी ओढून घेतली.

"तुला पयला माणूस मिळत नव्हता," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीची पयली तोड हाय, मान बापानं घ्यावा. वाढाय लागलं तवाच सांगाया पायजे व्हतं. पर म्हटलं, उद्या बसंल, परवा बसंल."

मी पिशवीतून वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. बारीक अक्षरात, पेन्सिलीनं, पण तितकंच नेटकं.

'दिवस १ला. आज बरणीचं सील फोडलं. माझ्या हाताने. हात डेटॉलने धुतले.'

'दिवस २रा. लाल झालं. सूज. ४.४.'

'दिवस ४था. ४.८. पाणी येतं.'

'दिवस ९वा. ५.३. आज हिला कळलं. रागावली. उद्यापासून बरणी देवापुढून ही काढून देणार.'

मी ते पान तीनदा वाचलं. सील फोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सूज. आईचा हात जेलला लागला दहाव्या दिवशी. त्याआधी आठ दिवस ती जखम वाढत होती, माझ्या सीलबंद, तपासलेल्या, पास झालेल्या जेलनं. माझ्या बापानं आयुष्यात जितकी खोटी नोंद केली असेल तितकी त्या पुढच्या पानांवर होती, आणि ती करायला त्यांना मी शिकवलं होतं. शिकवायला मला एक वाक्य पुरलं होतं.

आबांना स्ट्रेचरवर घेतलं. आई परत आली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवायला गेली, मग तिनं हात मागं घेतला आणि पदरात गुंडाळला. ते बघितलं आणि माझा बांध फुटला. मी धावत शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी गेले. डॉक्टर अनीश कोपरापर्यंत हात धूत होते.

"सहा आकडे होते," मी म्हणाले.

"काय?"

"नवव्या बॅचचे. तुम्हाला चार दाखवले. दोन मर्यादेच्या चौपट होते. मी रजिस्टरमध्ये चढवले नाहीत." मी वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढं धरलं. "दुसऱ्या दिवशी सूज आहे, बघा. आई नवव्या दिवसापर्यंत जेलला शिवलेली नाही. तिचा काही दोष नाही."

ते ओले हात वर धरून ते पान वाचत होते. पाण्याचे थेंब वहीवर पडू नयेत म्हणून ते जरा मागं सरकले. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं माझ्याकडं नऊ वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

"ते दोन आकडे कुठं आहेत?"

"पाकिटावर. साताऱ्याला, खणात."

"सोमवार रद्द," ते म्हणाले. "समितीला मी आजच कळवतो. पुढं तुमचं काय होईल ते मला सांगता येणार नाही." मग ते आत गेले.

मी वळले तर मागं आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. किती कळलं ते मला माहीत नाही, पण जे कळायला पाहिजे होतं ते कळलं होतं.

"म्हंजी मी न्हवं?"

"न्हवं, आये."

"तुला काल म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"नळापाशी व्हतो तवा?"

"व्हय."

ती बाकावर बसली. तिनं पदरातून हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. एका नखाखाली कोरून कोरून रक्त आलं होतं. ती मला मारेल असं वाटलं, आणि तिनं मारावं असंही वाटलं. ती दीड तास माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या शेजारी बसायचं धाडस केलं नाही, समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आतून कसलाही आवाज आला की मी दाराकडं बघत होते. त्या दारापलीकडं माझ्या बापाचा पाय कापत होते आणि माझी नऊ वर्षं केव्हाच संपली होती, तरी मला त्या नऊ वर्षांचं काही वाटेना. मला फक्त त्यांनी डोळे उघडायला हवे होते.

शेवटी आईच बोलली. "त्यास्नी सुद आली की तूच सांग. मी सांगायची न्हाई."

आबांना दुपारी बाराच्या पुढं जाग आली. पांघरूण डाव्या बाजूला गुडघ्याखाली एकदम सपाट झालं होतं. ते बराच वेळ तिकडं बघत होते. मग त्यांनी मला बघितलं, आणि पहिलं विचारलं ते हे:

"सोमवारचं काम हाय नव्हं तुजं?"

"नाही आबा. मी डॉक्टरांना तुमचं मागचं पान दाखवलं. माझंही सांगितलं. त्या दिवशी मी दोन आकडे लिहिले नव्हते ना, ते खरे होते. तुमचा पाय माझ्या जेलनं गेला."

सलाइनची नळी लावलेला हात त्यांनी पांघरुणावर ठेवला होता, त्याची बोटं थोडी हलली. मला वाटलं, आता ते तोंड फिरवतील. मला बापाची भीती लहानपणी कधी वाटली नव्हती, ती सगळी त्या एका मिनिटात वाटली.

"किती जण व्हतं सोमवारी?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"चोवीस पाय," आबा म्हणाले. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "वही आण. आजची नोंद ऱ्हायलीया."

मी वही उघडली. मागचं पान काढलं तर त्यांनी मान हलवली. "म्होरं लिव. म्होरच्या पानावर."

मी तारीख घातली. वेळेपुढं बारा वीस लिहिलं. मापाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि माझ्यानं पुढं काही लिहवेना. आई पलीकडून उठून आली. तिनं आबांच्या कपाळावर हात ठेवला, पिवळ्या नखांचा, आणि या वेळी तो मागं घेतला नाही.

"लिव," ती मला म्हणाली.

मी लिहिलं, डावा पाय, गुडघ्याखाली चार बोटं. मग शेऱ्याच्या रकान्यात ते दोन आकडे लिहिले, १.९ आणि २.२. पाकीट साताऱ्याला होतं, पण मला ते बघायची गरज नव्हती.